गाठ कापायच्या आधी: मांडीतल्या ‘चरबी’पासून योग्य सर्जनपर्यंतचा रस्ता

माझ्या नवऱ्याच्या मांडीतली गाठ पहिल्यांदा लक्षात आली ती शिंप्याच्या. भाच्याच्या लग्नासाठी पँट शिवायला टाकली होती. माप घेताना मास्तर म्हणाले, “साहेब, उजवी मांडी डावीपेक्षा पाऊण इंच जास्त भरतेय.” आम्ही हसलो. बाइकला किक मारून भरली असेल, म्हणून विषय तिथेच संपला.

पाच महिन्यांनी आमच्या भागातल्या एका नर्सिंग होममध्ये ती गाठ काढली. जागा बधिर करून अर्ध्या तासाचं काम, आडवा काप, सात टाके, संध्याकाळी घरी. “चरबी आहे,” सर्जन म्हणाले. कंपाउंडरने फॉर्मॅलिनची डबी माझ्या हातात दिली आणि विचारलं, “वहिनी, लॅबला द्यायची आहे का? तशी गरज नाही म्हणाले डॉक्टर.” लॅब घरी जायच्या वाटेवरच होती, एवढ्याच कारणाने मी ती डबी स्कूटीच्या हुकाला कॅरीबॅगमध्ये अडकवून नेऊन दिली. बारा दिवसांनी रिपोर्ट आला: सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, आणि ट्युमर काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत लागलेला.

याला तीन वर्षं झाली. नवरा बरा आहे, ऐरोलीहून रबाळ्याला रोज बाइकने कामावर जातो. पण मांडीवर पंजाएवढा खड्डा आहे, आणि तो एवढा मोठा असायचं कारण नव्हतं. पहिला काप चुकीच्या जागी, चुकीच्या दिशेने आणि कुठलीही तपासणी न करता घेतला गेला, म्हणून तो एवढा झाला.

मी डॉक्टर नाही, पतपेढीत काम करते. गाठ कसली आहे ते डॉक्टरच सांगतील. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने योग्य डॉक्टरपर्यंत योग्य क्रमाने कसं पोहोचायचं, एवढंच मी इथे लिहितेय.

१. आधी घाबरणं आणि बेफिकिरी, दोन्ही बाजूला ठेवा

अंगावरच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, तर बऱ्याच जणांना असते. मऊ भागातल्या साध्या गाठी सार्कोमापेक्षा साधारण शंभरपट जास्त आढळतात. त्यामुळे हातावर लिंबाच्या बीएवढं काही लागलं म्हणून परळचं टाटा हॉस्पिटल गाठायची गरज नाही.

सार्कोमा हा स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि त्यांना बांधून ठेवणारे पडदे यांतून उगवणारा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्का, आणि त्या एका टक्क्यात पन्नासहून जास्त प्रकार. सगळी गोम इथेच आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या सर्जनने शेकडो लायपोमा काढलेले असतात, सार्कोमा मात्र आयुष्यात दोन-चारदाच त्यांच्या टेबलावर आलेला असतो. त्यांना गाठ दिसली की चरबीच आठवते. आमच्या सर्जनचा मला फार राग होता, आता तेवढा नाही. पण ज्याच्या हाताखालून हा आजार रोज जातो तो माणूस वेगळा, हे आम्हाला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

२. टेप काढा आणि मोजा

शिवणाच्या डब्यातली टेप चालेल. पाहायच्या गोष्टी चार:

- गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का? तीन बोटं शेजारी-शेजारी ठेवली की साधारण तेवढं होतं.
- ती वाढतेय का? तारीख घालून माप लिहा, बाजूला टेप धरून मोबाइलवर फोटो काढा. महिन्याने पुन्हा मोजा. मोठी किंवा खोल वाटत असेल तर मात्र महिनाभर थांबू नका.
- ती खोल आहे का? पाय ताठ करून मांडीचा स्नायू आवळा. मघाशी हलणारी गाठ आता जागच्या जागी घट्ट बसली, तर ती स्नायूच्या आवरणाखाली असण्याची शक्यता जास्त.
- आधी काढलेली गाठ त्याच जागी परत आली आहे का?

यातलं एकही ‘हो’ असेल, तर तपासणी झाल्याशिवाय चाकू लावू द्यायचा नाही.

दुखणं मी यादीत घातलं नाही, ते मुद्दाम. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, “दुखतं का?” नाही म्हटलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. सार्कोमाची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. दुखायला लागली तर ते दुर्लक्ष न करण्याचं आणखी एक कारण, पण न दुखणं म्हणजे अभय नव्हे.

मापात न बसणाऱ्याही काही गाठी असतात. सायनोव्हियल सार्कोमा तरुण माणसांत, बहुधा सांध्याजवळ होतो, आणि कधीकधी वर्षानुवर्षं लहान राहून हळूहळू वाढतो. म्हणून ‘चार वर्षांपासून आहे, म्हणजे साधीच’ हा हिशेब चुकू शकतो. गुडघ्याच्या मागे आली की बेकर्स सिस्ट (सांध्यातल्या पाण्याची साधी गाठ), असं न पाहताच ठरवू नका. सोनोग्राफीत ती पाण्याची आहे की भरीव, ते कळतं. ज्यांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस (मज्जातंतूंवर गाठी येण्याचा आजार) आहे आणि जुन्या गाठींपैकी एक अचानक वाढतेय किंवा दुखतेय, त्यांनीही लगेच दाखवावं.

३. पत्र का मिळत नाही, ते आधी ओळखा

मोठ्या हॉस्पिटलला पाठवणारं पत्र वेळेवर न मिळण्यामागे दरवेळी डॉक्टरच कारण असतो असं नाही. आमच्या बाबतीत कुठे-कुठे घसरलं, ते एका वहीत लिहून काढलं होतं. रेडिएशनच्या वेटिंग रूममध्ये महिना-दीड महिना शेजारी बसलेल्यांच्या गोष्टी ऐकल्या, तर तेच खड्डे, फक्त गावं वेगळी.

पहिला खड्डा म्हणजे मार. नवऱ्याला बाइकच्या स्टँडचा मार बसला होता, म्हणून घरात सगळ्यांनी ठरवलं की रक्त साकळलंय. सासूबाईंनी लेप लावला, मी तेलाने चोळलं. (चोळू नका. शेकूही नका.) मार लागला म्हणून सार्कोमा होत नाही, मार लागल्यावर आपला हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. साकळलेलं रक्त दिवसांगणिक कमी व्हायला हवं. महिना-दीड महिना उलटूनही ते तसंच असेल किंवा वाढत असेल, तर ते रक्त आहे असं गृहीत धरून चालणार नाही.

दुसरा खड्डा: गाठ लहान आणि वरवरची असणं. ऐकायला उलटं वाटतं, पण तपासणीशिवाय कापल्या जाणाऱ्या सार्कोमांत अशाच गाठी जास्त असतात. मोठी आणि खोल गाठ पाहून डॉक्टर आपणहून थबकतात. वरची, हाताला लागणारी गाठ ‘काढून टाकू’ या सदरात जाते. नवऱ्याची त्वचेखालीच होती, साडेचार सेंटिमीटरची. पाच भरत नाही, म्हणजे ठीक, असं मीच म्हणाले होते. ती वाढतेय हे मात्र मी धरलंच नाही.

तिसरा खड्डा भिडेचा. ज्या डॉक्टरांनी मुलांना लसी दिल्या, सासऱ्यांना रात्री दोनला येऊन तपासलं, त्यांना ‘आम्ही दुसरीकडे दाखवू का?’ असं विचारायला जीभ रेटत नाही. यावर माझा उपाय असा की सल्ला मागायचा, शंका घ्यायची नाही. “डॉक्टर, कापायच्या आधी एमआरआय करून घेऊ का? खर्चाचं आम्ही बघतो.” दुसरं वाक्य, “ही गाठ सार्कोमा असू शकते का? शंका असेल तर कुठे पाठवाल?” तो शब्द एकदा तोंडाने उच्चारला की बहुतेक डॉक्टर थांबतात आणि पुन्हा हात लावून बघतात. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. रागावला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

चौथा सोयीचा. नर्सिंग होम चालत सात मिनिटांवर, गणपतीच्या आधी उरकून जाईल, रजा एकच लागेल. आम्ही याच हिशेबावर तारीख ठरवली होती.

पाचवा भीतीचा, आणि तो खोल आहे. ‘टाटाला चाललोय’ म्हटलं की सोसायटीत लोक आवाज बारीक करतात. त्यात ‘पाय कापतील’ ही धास्ती. यावर एक गोष्ट सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या डॉक्टरांनी १९८२ साली एका अभ्यासाचे निष्कर्ष मांडले: काही रुग्णांचा हात किंवा पाय कापला होता, काहींची फक्त गाठ भोवतालच्या चांगल्या मांसासकट काढून रेडिएशन दिलं होतं. दोन्ही गटांतल्या लोकांच्या जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून जगभर पाय वाचवण्याकडेच कल आहे. पाय गमवायची वेळ आता थोड्यांवरच येते. उशीर झाला किंवा अर्धवट कापाकापी झाली, तर मात्र तो वाचवणं अवघड होत जातं.

वयस्कर माणसांच्या बाबतीत आणखी एक, “आता या वयात कशाला?” वेटिंग रूममध्ये कळव्याच्या एक आजी भेटल्या, पंचाहत्तरी उलटलेल्या. त्यांची गाठ दीड वर्ष अशीच ‘या वयात’ वाढू दिली होती. निर्णय काय घ्यायचा तो घ्या, पण निदान झाल्यावर घ्या.

४. आधी चित्र, मग सुई, मग चाकू

क्रम हाच. उलटा झाला तर पुढच्या प्रत्येकाचं काम अवघड होतं.

सोनोग्राफी पहिली, स्वस्त आणि ठाण्यात कुठेही होते. गाठ वरची, मऊ, लहान आणि सोनोग्राफीत स्पष्ट लायपोमा असेल, तर बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. रिपोर्टमध्ये गाठ फॅशियाच्या, म्हणजे स्नायूच्या आवरणाच्या, खाली आहे, आतून एकसारखी नाही, रक्तपुरवठा दिसतोय किंवा ‘पुढील तपासणी करावी’ असं काही असेल, तर एमआरआय. स्नायूच्या आतली मोठी चरबीची गाठ असेल, तरीही एमआरआय, कारण चरबीतूनही सार्कोमा होतो.

एमआरआय कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून औषध देऊन, करायला सांगतात. त्यासाठी आधी क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणारा) रक्ताचा रिपोर्ट लागतो, तो घेऊन जा. नाहीतर सेंटरवरून परत यावं लागतं. फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. ती घरी येऊन संगणकावर उघडून बघा. आमची रिकामी निघाली होती आणि ते परळच्या काउंटरवर पोहोचल्यावर कळलं.

बायोप्सीच्या (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याच्या) आधी एमआरआय का? सुई टोचली की आत थोडं रक्त आणि सूज येते, आणि मग चित्रात ट्युमर कुठे संपतो ते नीट दिसत नाही. आमचा एमआरआय ऑपरेशननंतर झाला. रेडिऑलॉजिस्टला उरलेला ट्युमर आणि साकळलेलं रक्त वेगळं काढताना घाम फुटला. नवऱ्याचा प्रकार मिक्सोफायब्रोसार्कोमा; तो फॅशियाच्या पदरावरून शेपटीसारखा पसरतो. हाताला लागते ती गाठ, शेपूट लागत नाही. नर्सिंग होममध्ये काढली गेली ती गाठ. शेपूट मांडीतच राहिलं.

हा आजार पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो, म्हणून निदान झाल्यावर छातीचा सीटी स्कॅन होतो. तो लिहून दिला म्हणजे पसरलाच, असं समजून रात्र जागवू नका. आम्ही जागवली.

५. बायोप्सी कोणी, कुठून आणि कशी

ज्या सर्जनकडे मोठं ऑपरेशन होणार, बायोप्सीची जागा त्यांनीच ठरवलेली बरी. सुई ज्या वाटेने आत जाते, ती वाट पुढे ट्युमरबरोबर कापून काढायची असते. वाट भलत्या बाजूने असली, तर काढायचा भाग वाढतो.

जाड सुईने मांसाचा बारीक दोरा काढतात, त्याला ट्रूकट म्हणतात. असे बरेच दोरे घेतात, कारण प्रकार आणि ग्रेड (आजार किती आक्रमक आहे ते) ठरवायला पुरेसा नमुना लागतो. बारीक सुईची एफएनएसी बऱ्याचदा अपुरी पडते. ‘एफएनएसी निगेटिव्ह आली, म्हणजे काही नाही’ हे सापळ्यातलं वाक्य आहे. त्यानंतर प्रकार ओळखण्यासाठी त्या नमुन्यावर इम्युनोच्या चाचण्या होतात, रिपोर्टला वेळ लागतो. नेमक्या त्या दिवसांत नातेवाइकांचे फोन सुरू होतात: सुई लावली की कॅन्सर पसरतो. नीट ठरवून घेतलेल्या ट्रूकट बायोप्सीने तो धोका फार थोडा असतो, आणि निदान न करता केलेल्या ऑपरेशनचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

अगदी लहान, वरच्या थरातली गाठ काही वेळा डॉक्टर बायोप्सीऐवजी थेट काढायचं ठरवतात, तेही बरोबर असू शकतं. तेव्हा दोन गोष्टी धरून बसा. हातापायावरचा काप उभा, म्हणजे लांबीच्या दिशेने हवा. आणि काढलेला तुकडा, कितीही साधा दिसला तरी, हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, जायलाच हवा. “पाठवायचा का?” हा प्रश्न रुग्णाच्या बायकोला विचारायचाच नसतो.

६. कुठे जायचं

आपल्यासाठी परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं ॲक्ट्रेक ही एकाच टाटा मेमोरियल सेंटरची दोन ठिकाणं आहेत. हाडं आणि मऊ भागांच्या ट्युमरसाठी तिथे वेगळा विभाग आहे. ‘बोन अँड सॉफ्ट टिश्यू’ असं विचारा. फाइल जनरल किंवा प्रायव्हेट अशा दोन प्रकारांत निघते. प्रायव्हेटमध्ये खर्च जास्त, पण डॉक्टर तेच. आपल्याला उपचार किती महिने परवडतील याचा विचार करून प्रकार निवडा. पहिल्या दिवशीच्या घाईत प्रायव्हेट काढून नंतर हात टेकलेली माणसं मी पाहिली आहेत.

ठाण्याहून परळ स्लो लोकलने सरळ आहे. नवी मुंबईहून ठाण्याला येऊन बदला. खारघरला जायचं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल, पुढे रिक्षा. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही परवानगी असते; हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा. टाके ताजे असताना सकाळी सव्वाआठच्या गर्दीत शिरायचा पराक्रम नको.

खासगी हॉस्पिटल निवडत असाल तर सर्जनना स्पष्ट विचारा: सार्कोमाची ऑपरेशन्स तुम्ही नियमित करता का? माझी केस पॅथॉलॉजिस्ट, रेडिएशन आणि केमोच्या डॉक्टरांबरोबर एकत्र बसून बघणार का? गरज पडली तर प्लास्टिक सर्जन टेबलावर असतील का? मोठं नाव, चकाचक लॉबी यांवर जाऊ नका. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर पुढे जा.

फॅमिली डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात गाठ कधी दिसली, तेव्हा आणि आत्ता किती मोठी, वर की खोल, काय तपासण्या झाल्या, आधी काही कापलं किंवा टोचलं का, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, आणि शेवटी ‘सार्कोमाची शंका’ हे शब्द असावेत. नुसतं ‘पुढील उपचारांसाठी’ असं लिहिलेलं पत्र काउंटरवर कोणालाच काही सांगत नाही.

७. फाइलमध्ये काय हवं

मी पतपेढीतली माणूस, कागद हे माझं शस्त्र. पारदर्शक खिशांची एक फाइल घ्या आणि वरच्या पानावर तारखांची यादी चिकटवा.

- आधार कार्ड, रेशन कार्ड (मूळ आणि तीन-चार झेरॉक्स), फोटो
- डॉक्टरांचं पत्र
- सोनोग्राफी, एमआरआय, सीटी यांचे रिपोर्ट आणि चालणाऱ्या सीडी
- बायोप्सी किंवा ऑपरेशन झालं असेल तर रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक
- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट्स
- रक्ताचे ताजे रिपोर्ट, चालू औषधांची यादी
- मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत
- गाठीचे तारीखवार फोटो

स्लाइड-ब्लॉक म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, लहानशा चौकोनी प्लास्टिकच्या चौकटीत. त्यातून पातळ काप काढून काचेवर घेतले की स्लाइड. मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्यांचे पॅथॉलॉजिस्ट सगळं पुन्हा बघतात आणि निदान कधीकधी बदलतं. आमच्या रिपोर्टवरचा प्रकार बदलला होता. स्लाइड-ब्लॉक मागायला लॅबमध्ये लेखी अर्ज करा. द्यायला तयार नसतील तर मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेणच ते.

८. आधीच कापून झालं असेल तर

हे कलम आमच्यासारख्यांसाठी, म्हणून जरा मोठं.

आधी हे ऐका: खेळ संपलेला नाही. नियोजन न करता काढलेल्या सार्कोमाचं पुन्हा नीट ऑपरेशन करता येतं. पण ‘सगळं काढलंय, आता फक्त लक्ष ठेवा’ यावर थांबू नका. अशा रुग्णांचं पुन्हा ऑपरेशन केल्यावर मोठ्या प्रमाणात आत ट्युमर उरलेला सापडतो. नवऱ्याच्या मांडीत सापडला, आणि तोवर बाहेरची जखम इतकी छान भरली होती की सासूबाई म्हणत होत्या, आता कशाला पुन्हा उघडताय.

त्याच सर्जनकडून त्याच जागी पुन्हा ‘थोडं जास्त’ काढून घेऊ नका. तशी ऑफर आम्हाला आली होती, फुकटात. ती नाकारली, आमच्याकडून झालेली तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट.

रिपोर्ट हातात आल्यापासून पहिल्या आठवड्यात हे करा: ऑपरेशन नोट्स मागा. गाठ अख्खी निघाली की तुकड्यांत, फॅशियाच्या वर होती की खाली, ड्रेनची (जखमेतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी) नळी कुठून काढली, हे त्यात असायला हवं. नोट्सच्या जागी दोन ओळींचं डिस्चार्ज कार्ड मिळालं तर त्याच डॉक्टरांना हाताने लिहून द्यायला सांगा. भांडायला जाऊ नका. त्या कागदाची गरज तुम्हाला आहे. मग स्लाइड-ब्लॉक, आणि लगेच नोंदणी. पुढचा एमआरआय कधी करायचा ते नव्या सर्जनना ठरवू द्या.

पहिला काप आडवा असेल आणि ड्रेन लांबून काढलेला असेल, तर जिथे-जिथे चाकू आणि नळी लागली तो सगळा भाग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये काढावा लागतो. सर्जननी नवऱ्याच्या मांडीवर स्केच पेनने आखलं, तेव्हा मी शेजारी उभी होते. सात टाक्यांची आडवी रेघ, तिच्यापासून चार बोटांवर ड्रेनचा ठिपका, आणि या दोन्हींना पोटात घेणारं मोठं लंबवर्तुळ. “उभा काप असता तर?” मी विचारलं. त्यांनी पेन फिरवून आत एक अरुंद पान काढून दाखवलं. काही बोलले नाहीत.

त्यामुळे जखम नुसती शिवता आली नाही. दुसऱ्या मांडीची कातडी लावावी लागली.

९. पैशांचं काम ऑपरेशनच्या आधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारतसह, एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. योजना कॅशलेस आहे, म्हणजे आधी पैसे भरले आणि मग बिल घेऊन गेलात तर परत मिळत नाहीत. हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. रेशन कार्डावर रुग्णाचं नाव आहे ना, आणि आधारवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळतं ना, ते आजच बघा. नवऱ्याच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि रेशन कार्डावर नुसतं आद्याक्षर. ती दुरुस्ती होईपर्यंत ऑपरेशनची तारीख सात दिवस पुढे गेली.

धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा आणि तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. आपणहून कोणी सांगत नाही.

मेडिक्लेम असेल तर पहिल्या ऑपरेशनची बिलं, पहिला पॅथॉलॉजी रिपोर्ट जपा. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी ते मागतात.

१०. पुढे काय-काय होतं

केस जॉइंट क्लिनिकमध्ये ठेवतात: सर्जन, रेडिएशनचे, केमोचे डॉक्टर एकत्र. आम्ही आत पाच मिनिटं होतो, त्यासाठी बाहेर चार तास बसलो. प्रश्न कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर सगळे विसरतात.

रेडिएशन (वेटिंग रूममधली माणसं ‘लाइट घेणं’ म्हणतात) ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर देतात. आधी दिलं तर नेहमीच्या पद्धतीत २५ सिटिंग, पाच आठवडे. मात्र जखम भरायला त्रास होण्याचा संभव जास्त. नंतर दिलं तर डोस वाढतो, सिटिंग ३० च्या पुढे जातात, आणि पुढे पाय आखडण्याचा त्रास जास्त. आमचं नंतर झालं. सोमवार ते शुक्रवार रोज जावं लागतं, म्हणून रजेचं आणि घरातल्या डब्यांचं वेळापत्रक आधीच लावा. केमो सगळ्यांना लागत नाही. प्रकार, ग्रेड आणि आकार बघून ठरवतात.

ऑपरेशनचा रिपोर्ट आला की मार्जिनची, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेची, ओळ शोधा. कड ‘मोकळी’, म्हणजे ट्युमर नसलेली, असेल तर पेढे आणा, फिजिओथेरपी चुकवू नका.

तपासण्या पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. दरवेळी जुनी जागा हाताने तपासतात आणि छातीचा फोटो किंवा सीटी होतो. तारखा मी भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनाने लिहिते. पुढची पंधरा तारखेला आहे, सकाळी साडेसहाची लोकल. क्रिएटिनिनचा रिपोर्ट फाइलीत टाकलाय, सीडी उघडून बघितली आहे.